कोरडं अंग

अळ्या चौथ्यांदा बसल्या त्याच सकाळी इस्पितळातून फोन आला.

बसल्या म्हणजे खाणं सोडून, माना वर करून, कात टाकायला थिजल्या. रेशमाच्या अळ्या अशा बसल्या की शेडमध्ये मोठ्याने बोलायचं नाही, पाला टाकायचा नाही, नुसता चुना मारायचा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फडक्याच्या पुरचुंडीत चुन्याची भुकटी घेऊन रॅकच्या कडेने ती झटकत चालल्या होत्या. पांढरा धूर अळ्यांवर उतरत होता. अंगावर चुना पडला तरी अळी हलत नाही. मी तोंडाला फडकं बांधून मागून चघळलेले देठ उचलत होते. रॅकखाली माझा मुलगा पोत्यावर बसून देठांची गाडी करत होता. त्याच्याखालचं पोतं ओलं झालेलं मला दिसलं. आत्याबाईंच्या नजरेला पडायच्या आत मी ते पायाने भिंतीकडे सरकवलं, त्याच्यासकट.

"गुरुवारी मुलाला ऑपरेशनसाठी दाखल करा," फोनवरची बाई म्हणाली. "भोकाभोवतीची कातडी स्वच्छ हवी. जखम नको, ताप नको. पाणी भरपूर पाजत राहा. या वेळी चुकवलंत तर पुढची तारीख कधी मिळेल ते मी सांगू शकत नाही."

मी बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. तो कोयत्याला धार लावत होता. त्याने हात थांबवला नाही.

"गुरुवारी? उद्या अळ्या उठतील. गुरुवारी ऐन खाण्यात असतील. पाला कोण कापणार?"

"दोन दिवस कुणीतरी लावा ना कामाला."

"सगळ्यांच्याच अळ्या उठणार आहेत. रिकामं कोण बसलंय?"

आतून आत्याबाई चुना झटकतच बोलल्या, "चार वर्षं गळतोय. आणखी आठ दिवस गळला तर पूर येणार नाही."

नवरा हसला. वाईट हसला नाही, कामाच्या घाईत माणूस हसतो तसं. पण हसला.

मुलाच्या लघवीच्या वाटेत जन्मतःच एक पातळ पडदा होता. पोटात असल्यापासून ती तुंबत होती आणि मूत्रपिंडांवर मागे दाब देत होती. जन्मला तेव्हा त्याचं पोट ढोलकीसारखं होतं आणि खालून थेंब थेंब. दुर्बीण आत घालून पडदा जाळायचा असतो, पण त्याची वाट इतकी नाजूक की सर्वांत बारीक दुर्बीणही जाईना. म्हणून डॉक्टरीणबाईंनी बेंबीच्या खाली पोटावरच एक भोक ठेवलं, मूत्राशयातून सरळ बाहेर. लाल, ओलं, मिटमिटणारं तोंड. त्यातून लघवी सतत झिरपायची. "हे त्याचा जीव वाचवणारं भोक आहे," त्या म्हणाल्या होत्या. "हे कधीही बंद करायचं नाही. वाहतंय तोवर तो ठीक आहे. थोडा मोठा झाला की पडदा काढू, मग भोक मिटवू."

मी विज्ञानाची पदवी घेतलेली आहे. त्यांनी कागदावर काढलेलं चित्र मला एका नजरेत समजलं. घरी येऊन ते समजावून सांगायला गेले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "चित्रं काढून पोरं सुधारली असती तर शाळामास्तरांची पोरं सगळी पैलवान झाली असती."

चॉकीवाल्याने त्याला थेंब्या म्हणायला सुरुवात केली. अंड्यांतून निघालेल्या कोवळ्या अळ्या वाढवून तो घरोघर पोचवतो. पहिल्या भेटीतच पोराची चड्डी बघून त्याने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता मुलालाच कुणी नाव विचारलं तर तो थेंब्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी अळ्या उठल्या. उठल्या की त्यांना भूक म्हणजे आग. शेडमध्ये पाला टाकला की चरचर आवाज सुरू होतो आणि मग तो थांबत नाही. बाहेर आभाळ ओल्या घोंगडीसारखं खाली आलं होतं. ना धड पाऊस, ना ऊन. पाना-पानावर पाणी. ओला पाला अळीला चालत नाही, तिचं पोट बिघडतं. पाला कापून आणून आम्ही तो पसरायचो, फडक्यांनी टिपायचो. पण त्या दुपारी नवऱ्याने दोन भारे तसेच ओले टाकले. मी म्हटलं, "अहो, टिपला नाहीये."

"भुकेने मरण्यापेक्षा बरं," तो म्हणाला.

त्यानंतर चॉकीवाला आला. रॅकमधून हात फिरवत गेला आणि खालच्या कप्प्याशी वाकला. बोटांत एक अळी धरून उजेडाला आणली. फुगली होती, कातडी तकतकीत, पिवळट. त्याने जरा दाबली तर दुधासारखं पाणी आलं.

"ओल आहे कुठेतरी," तो म्हणाला.

मागची दोन पिकं अशीच गेली होती. टोपल्या भरभरून खड्ड्यात टाकल्या होत्या, तो वास अजून नाकात होता. नवऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"पाला ओला होता," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. नवरा जमिनीकडे बघत होता. चॉकीवाला खालच्या कप्प्याच्या खाली बघत होता. तिथे मुलगा बसला होता आणि त्याच्या चड्डीखालून एक बारीक रेघ सिमेंटवरून उताराने निघाली होती.

"काय थेंब्या," तो म्हणाला, "शेतीला पाणी सोडलंस की काय?"

मुलगा हसला. त्याला वाटलं कौतुक आहे.

"पाला म्हणे ओला!" चॉकीवाला गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या. "पाला तर साऱ्या गावाचा ओला आहे. असला झरा कुणाच्या घरी आहे का?"

मुलाला शेडबाहेर ठेवायचं ठरलं. पण आमचं घर म्हणजे शेडच्या टोकाला लागून असलेली एक खोली, मध्ये नुसतं जाळीचं दार. मी शेडमध्ये असले की तो जाळीला नाक लावून उभा राहायचा. त्याला पाला टाकायला आवडायचं. मी एखादं पान हातात द्यायची, तो दोन बोटांनी ते अळ्यांवर ठेवायचा आणि कान खाली नेऊन ऐकायचा. "खातेय," म्हणायचा. आता जाळीच्या पलीकडून विचारायचा, "आई, खातेय का?"

त्या संध्याकाळी त्याची चड्डी बदलायला गेले तर ती कोरडी.

दुसऱ्या आया ओल्या कपड्यांनी वैतागतात. माझं उलटं आहे. चार वर्षं माझा हात दिवसभर त्याच्या चड्डीकडे जातो आणि ओल लागली की माझा श्वास सुटतो. मी त्याला आडवा केला. पोट वरपर्यंत टणक. सदरा वर केला. बेंबीखाली, त्या भोकावर, कापसाचा बोळा घट्ट दाबून वरून चिकटपट्टी मारली होती. शेडची जाळी फाटली की जोडतो ती जाड, राखाडी पट्टी. आडवी, उभी, पुन्हा आडवी.

"कोण रे? कोणी केलं?"

"आजीने." त्याच्या कपाळावर घाम होता, पण डोळे चमकत होते. "मी कोरडा राहिलो. आजीने मला पाला घालू दिला. वरच्या कप्प्यात. तिने उचलून घेतलं."

मी पट्टी ओढली. त्याबरोबर कातडीही ओढली गेली. बोळा सुटला आणि लघवीची धार माझ्या हनुवटीवर, गळ्यावर आली. गरम, गढूळ. किती वेळ येत राहिली. तो कळवळला आणि मग एकदम सैल झाला, पाठीमागे हात टाकून माझ्याकडे बघत राहिला.

"ओलं झालं," तो म्हणाला. त्याचा ओठ बाहेर आला. "आता नाही ना घालू देणार?"

मी तशीच, भिजलेल्या कपड्यांनी, शेडमध्ये गेले. आत्याबाई वरच्या कप्प्यात पाला सारखा करत होत्या.

"आत्याबाई, ते भोक बंद करायचं नाही. कितीदा सांगितलं? आत तुंबली तर मूत्रपिंड जातं. मरेल तो."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आधी अंग पुसून ये. ओल घेऊन आत येऊ नको."

"मी काय म्हणतेय—"

"ऐकलं. दुपारभर कोरडा होता. हसत होता. मांडीवर बसला होता माझ्या, जन्मात पहिल्यांदा. मला नातू मांडीवर घ्यावासा वाटत नसेल का?" त्यांनी एक देठ मोडला. "मरायचा असता तर तेव्हाच मेला असता. मरतात ते माझे किडे."

रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. हाताला, पायाला, सगळ्याला पाल्याचा हिरवा वास. शेवटी म्हणाला, "तिला मी सांगतो. पट्टी नको मारू म्हणून." आणि सकाळी त्याने खरंच सांगितलं, माझ्यासमोर: "आई, पट्टी नको मारू." आत्याबाई म्हणाल्या, "बरं."

त्यांनी पुन्हा पट्टी मारली नाही.

पट्टीने कातडी सोलवटली होती, त्यावर लघवी झिरपायची, आणि भोकाभोवतीचा भाग लालभडक झाला. मी धुऊन, टिपून, मलम लावून ठेवत होते. गुरुवारपर्यंत सुकायला हवं होतं. दर खेपेला पाला कापून आले की आधी सदरा वर करून बघायची. मंगळवारी जरा फिकट वाटलं. मी मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानले.

बुधवारी नवरा म्हणाला, "चल, पाला कमी पडतोय."

"मी आज इथेच थांबते. उद्या निघायचंय."

"उद्या निघायचंय म्हणून तर आज जास्त कापायला हवा. तू उद्या नसणार, परवा नसणार. आई आहे की त्याच्याजवळ."

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या जाळीच्या दाराशी पुरचुंडी बांधत होत्या, चुन्याची. खालच्या कप्प्यात मारायला, आजारी अळ्या होत्या तिथे.

"जा गं," त्या म्हणाल्या. "पट्टी नाही मारत. शपथ."

आम्ही कापत राहिलो. तुतीच्या फांद्यांवरचं पाणी बाहीतून काखेत उतरत होतं. माझी नजर सारखी शेडच्या छपराकडे. तिथून काही आवाज आला नाही. रडण्याचा नाही, हाक मारण्याचा नाही. त्या शांततेने मला बरं वाटत होतं.

भारा डोक्यावर घेऊन आले तेव्हा मुलगा खोलीच्या उंबऱ्यात उभा होता. सदरा दोन्ही हातांनी छातीपर्यंत वर धरलेला, पाय फाकलेले. बेंबीपासून मांड्यांपर्यंत तो पांढरा होता. दाट, ताजा, पिठासारखा पांढरा, आणि मधोमध त्या लाल तोंडाभोवती तो भिजून गोळा झाला होता. त्याचे पाय थरथरत होते. डोळ्यांतून पाणी गालांवर घळघळत होतं आणि तोंड गच्च मिटलेलं.

भारा माझ्या डोक्यावरून कसा पडला ते मला माहीत नाही.

"हलू नको म्हणाली आजी," तो दातांतून म्हणाला. "अळ्या हलतात का, म्हणाली."

मी त्याला उचलून मोरीत नेलं आणि पाण्याची बादली ओतली. तेव्हा तो ओरडला. तोपर्यंत दाबून धरलेलं सगळं त्या एका ओरडण्यात आलं. मी ओतत राहिले, पिंपातलं पाणी संपेपर्यंत. चुन्याबरोबर कातडीचे पापुद्रे सुटून मोरीच्या भोकाकडे निघाले, भिजलेल्या कागदासारखे.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बघ, पाणी लावलंस आणि बोंबलायला लागला. माझ्यापुढे चूं केलं नव्हतं त्याने. कसा शहाण्यासारखा उभा होता."

"तुम्ही चुना मारलात! लहान पोराच्या उघड्या कातडीवर!"

"ओल शोषून घेतो तो. किड्याच्या अंगाला चालतो, तर माणसाच्या नाही?" त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. तळव्यांना भेगा, भेगांत पांढरं, नखं कुरतडल्यासारखी. "हे बघ. लग्न होऊन आले तेव्हापासून चुन्यात आहेत. गळून पडले का? उद्या त्या बाईसमोर त्याला असा सडका घेऊन जाणार होतीस? कातडी कोरडी करून आण म्हणाली ना ती? केली."

नवरा मागे येऊन उभा होता. त्याने मुलाच्या पोटाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"तिने मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला.

"मी कुठे म्हटलं मुद्दाम केलं?"

"तू शिकलेली आहेस. आधी सांगून ठेवायचं ना तिला."

"काय सांगून ठेवायचं? पोराला चुना मारू नका?"

शेडमधून चरचर येत होती, कमी होत चाललेली. पाला संपत आला की आवाज पातळ होतो. तो वळला, माझा पडलेला भारा उचलला आणि आत गेला.

गुरुवारी मी मुलाला घेऊन एकटीच गेले. कडेवर घेता येत नव्हतं, म्हणून दोन्ही हातांवर आडवं घेतलं, पाय लांब करून. डॉक्टरीणबाईंबरोबर चार-पाच शिकाऊ डॉक्टर होते. त्यांनी मी पोटावर बांधलेलं मऊ फडकं सोडलं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं.

"चुना?" त्यांनी चष्मा काढला. "कोणी टाकला?"

"घरात."

"घरात म्हणजे कोणी? घराला हात असतात का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या फुटलेल्या बोटांकडे, मग कागदावर मी केलेल्या सहीकडे. "शिकलेल्या दिसता. पोर तुमचं आहे, तुम्ही बघायचं नाही तर कुणी? मी या कातडीवर सुरी लावू शकत नाही. भरून येऊ दे. मग बघू."

शिकाऊंपैकी एक मुलगी माझ्याच वयाची होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघितलं की दुसरीकडे बघत होती.

मलमपट्टीसाठी चार दिवस ठेवून घेऊन त्यांनी सोडलं. आम्ही परत आलो तेव्हा अळ्या पिकल्या होत्या. अंग पारदर्शक, मान हलवत जागा शोधणाऱ्या. आजार खालच्या कप्प्यातच थांबला होता. नवऱ्याने जाळ्या अंथरल्या होत्या आणि अळ्या त्यांवर चढून तोंडातून तार ओढत स्वतःभोवती गुंडाळत होत्या. शेडमध्ये इतकी शांतता होती की आमच्या तिघांच्या पावलांचा आवाज येत होता. आत्याबाईंचा चेहरा बऱ्याच महिन्यांनी उघडला होता.

"वाचल्या गं," त्या मला म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मुलाच्या डोक्यावर. "वेळेवर ओल आवरली म्हणून वाचल्या."

कातडी भरून यायला लागली. पण भाजलेली कातडी भरते तशी, आकसत, ओढत. रोज मी सदरा वर करून बघायची आणि रोज ते लाल तोंड लहान झालेलं दिसायचं. आधी बोटाच्या टोकाएवढं, मग उडदाएवढं. इस्पितळात फोन केला, तिथली बाई म्हणाली, "घेऊन या." नवरा म्हणाला, "कोष काढले की जाऊ. चार दिवसांत कोष काढायचे आणि विकायचे. आतून पतंग फोडून बाहेर आला की त्या कोषाला कुत्रं विचारत नाही."

ज्या पहाटे कोष गाडीत चढवायचे होते त्या पहाटे मुलगा तापाने फणफणला. भोक टाचणीच्या टोकाएवढं उरलं होतं. त्यातून काही येत नव्हतं. पोट पुन्हा टणक.

"बाजाराची गाडी इस्पितळावरूनच जाते," नवरा म्हणाला. "बस मागे. वाटेत उतरवतो."

मागे पोत्यांवर पोती होती, पांढऱ्या, हलक्या, आत खुळखुळणाऱ्या कोषांची. मी चढणार इतक्यात आत्याबाई प्लॅस्टिकचा कागद घेऊन धावत आल्या.

"थांब. कोष भिजतील."

त्यांनी तो कागद मुलाच्या कमरेभोवती, मांड्यांभोवती गुंडाळला आणि सुतळीने बांधला. तो डोळे अर्धवट उघडून त्यांच्याकडे बघत होता. "मी कोरडाच आहे, आजी," तो म्हणाला. आणि तो होता. त्या सबंध रस्त्यात प्लॅस्टिकच्या आत एक थेंबही पडला नाही. मी देवाकडे नाही, रस्त्याकडे नाही, त्या प्लॅस्टिककडे बघत होते. आतून धुकं धरावं, ओघळ दिसावा, पोती भिजावीत, सगळे कोष सडावेत.

इस्पितळाच्या फाटकाशी नवऱ्याने आम्हाला उतरवलं. गाडी चालूच ठेवली होती. "विकून येतो," तो म्हणाला. जातानाचं त्याचं तोंड मला दिसलं नाही. गाडी वळून गेली होती.

आत गेल्यागेल्या त्यांनी त्या टाचणीएवढ्या भोकातून सळई घालून वाट केली. पिवळा-हिरवा पू निघाला. रक्त तपासलं, मशीनवर पोट बघितलं. डॉक्टरीणबाई या वेळी रागावल्या नाहीत.

"डावं मूत्रपिंड गेलं," त्या म्हणाल्या. "उजवं अर्धमुर्धं आहे. ताप उतरला की पडदा काढते आणि भोकही मिटवते. पोटाची ती जागा आता उघडी ठेवण्यालायक राहिलेली नाही. एकदा ऑपरेशननंतरची नळी काढली की त्याने स्वतः, पुढच्या वाटेने, लघवी केली पाहिजे. केली तर उरलेलं टिकेल. तुंबली तर तेही जाईल."

ऑपरेशन झालं. पोटावर टाके, पुढून नळी, नळीच्या टोकाला पिशवी. पिशवी भरत होती आणि अंथरूण कोरडं होतं. त्याच्या आयुष्यातलं पहिलं कोरडं अंथरूण. तो तळहात चादरीवरून फिरवत राहायचा.

नळी काढायच्या आदल्या दिवशी नवरा आणि आत्याबाई आले. पीक चांगलं उतरलं होतं. आत्याबाईंनी त्याला चादरीखाली हात घालून चाचपलं.

"अगं बाई! कोरडा ठणठणीत!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी त्याचे पापे घेतले, दोन्ही गालांचे, कपाळाचे. मग कमरेची पिशवी सोडून एक कोष काढला, मोठा, टणक, आणि त्याच्या मुठीत ठेवला. "हा तुझ्या कप्प्यातला. तू पाला घातलास ना, त्या अळीचा. आता घरी चल. नवीन अळ्या येणार आहेत. रोज तूच पाला घालायचा. आजपासून तू माझा मुकादम. फक्त असाच कोरडा राहा हं. राहशील ना?"

"राहीन," तो म्हणाला.

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "कसा शहाणा झालाय."

मी तिथे उभी होते. त्या प्रेमाने बोलत होत्या. मला मध्ये बोलायला फट सापडली नाही.

सकाळी परिचारिकेने नळी काढली. "आता भरपूर पाणी पाज आणि शी-शू आली की सांग." मी पाजलं. तो निमूटपणे पीत होता. ऊन खिडकीतून खाटेवर आलं, खाटेवरून उतरून फरशीवर गेलं. काही झालं नाही. मी त्याला मोरीत उभा केला, नळ सोडला, पायांवर कोमट पाणी ओतलं, पाठ चोळली. तो माझ्या खांद्याला धरून उभा राहिला, दात आवळून. पोटाची फुगवट टाक्यांच्या वर दिसायला लागली.

"कर रे राजा. सोड. जोर नको लावू, नुसतं सोड."

"नाही आली."

"आली आहे. पोट बघ तुझं. दुखतंय ना?"

"नाही दुखत." त्याच्या वरच्या ओठावर घामाचे मणी होते.

शिकाऊ डॉक्टर आली, तीच. तिने पोट दाबून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "मी नळीची तयारी करायला सांगते. नवीन टाक्यांवर पुन्हा नळी म्हणजे... अजून थोडा वेळ बघा. कसंही करून करायला लावा."

मी त्याला खाटेवर निजवलं. कानाशी वाकले.

"इथेच कर. खाटेवर. अंथरूण भिजलं तरी चालेल. मी सांगतेय ना, भिजव."

त्याने मान हलवली. मुठीत कोष होता, घट्ट.

"भिजव रे. तुला हवं तेवढं भिजव."

"आजी चुना टाकेल."

"नाही टाकणार. आजी इथे नाही. मी आहे."

"घरी टाकेल."

मग मी उठले. उशाशी पाण्याचा तांब्या होता. तो उचलला आणि चादरीवर ओतला, त्याच्या पायांशी, माझ्या कपड्यांवर, उशीवर. पाणी गादीत शिरलं, खाटेच्या कडेवरून टपटप फरशीवर पडायला लागलं. शेजारच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या. "हे बघ," मी म्हटलं, "हे बघ, ओलं. सगळं ओलं. काय झालं? काही झालं का?"

तो टक लावून बघत होता. मग कसाबसा उठून बसला, एक हात पोटावर दाबून. कोष त्याने सुक्या कोपऱ्यात नीट ठेवला. उशाशी त्याचा धुतलेला सदरा होता, तो ओढून घेतला आणि चादर टिपायला लागला. आम्ही पाला टिपतो तसा, दाबून, उचलून, पुन्हा दाबून.

"आई, तू पण टिप ना," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. "लवकर टिप. मग मी नाही सांगणार कुणाला."

परिचारिका नळी, हातमोजे आणि मलम घेऊन आली तेव्हा मी ओल्या खाटेच्या कडेला बसले होते. तिने फरशीवरचं पाणी बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि जीभ टाळूला लावून चकचक केलं. "चला बाळ, झोपा. दोघीतिघी लागतील धरायला. मावशींना हाक मारा कुणीतरी."

मावशींची गरज पडली नाही. त्याने सदरा बाजूला ठेवला, आडवा झाला, अंगातलं कापड दोन्ही हातांनी छातीपर्यंत वर धरलं, पाय फाकले आणि तोंड गच्च मिटलं. डोळ्यांतून पाणी कानांत गेलं. परिचारिकेचे हात चालू होते, तो छताकडे बघत होता.

"किती शहाणं पोर आहे हो तुमचं," ती म्हणाली. "बाकीची केवढ्या लाथा झाडतात."

तो हलला नाही.